वाळूचे दांडे व रोधक बेटे

वाळूचे दांडे व रोधक बेटे : वाहते पाणी, लाटा व वारा यांनी वाहून आणलेल्या वाळूच्या संचयनाने तयार झालेली भूरूपे. पाण्याची वहनशक्ती कमी झाली म्हणजे त्यातील वाळू खाली बसते व तिचा लांबट, कमी उंचीचा उंचवटा तयार होतो. यास वाळूचा दांडा म्हणतात. दांडा नदीच्या पात्रात, नदीच्या मुखाशी किंवा समुद्रात किनाऱ्याला समांतर असा कोठेही तयार होऊ शकतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर, सर्वांत मोठ्या भरतीच्या पातळीच्या वर कायम राहणारा, किनाऱ्यास समांतर असा वाळूचा लांब, अरुंद पट्टा म्हणजे रोधक बेट होय. समुद्राच्या लाटांचा मारा स्वतःवर घेऊन तो मागील किनाऱ्यास संरक्षण देतो, म्हणून त्यास हे नाव मिळाले आहे. बेट व मूळ किनारा यांच्या दरम्यान अडकलेल्या उथळ पाण्यास खारकच्छ किंवा खाजण असे म्हणतात. उपग्रहांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार जगात अशी २,१४९ बेटे असून जगातील किनाऱ्याचा सु. दहावा हिस्सा त्यांनी व्यापला आहे.

वाळूचा उगम : ०·०६२५ ते २ मिमी. व्यासाच्या खनिजकणांना वाळू म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा मोठा भाग मुळात जमिनीवरचा असतो. ऊन, पाऊस व वनस्पतींची मुळे यांमुळे डोंगरावरील खडक झिजतात, त्यांचे तुकडे ओढ्यांतून नद्यांत येतात आणि एकमेकांवर घासत, फुटत, बारीक होत पुढे सरकतात. शंख-शिंपल्यांचा चुरा व समुद्रकड्यांची झीज यांमुळेही त्यात भर पडते. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किमी. आत असलेल्या प्रदेशाचा किनाऱ्यावरील दांड्यांशी संबंध येतो तो या मार्गाने. भीमाशंकर येथे सह्याद्रीत उगम पावणारी ८६१ किमी. लांबीची भीमा नदी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या पश्चिम व दक्षिण सीमांवरून वाहते व पुढे रायचूरनजीक कृष्णेस मिळते. कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. भीमेचे वरचे खोरे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचे असल्याने तेथील वाळू काळसर असते. तीत बेसाल्टचे कण, लोहयुक्त काळी खनिजे आणि खडकातील पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोटीचे तुकडे आढळतात. ही वाळू एका पुरात समुद्रापर्यंत जात नाही. एका पुरात ती काही अंतर सरकते, पात्रातील दांड्यात विसावते व पुढील मोठ्या पुराची वाट पाहते. नदीतील दांडे ही अशा रीतीने वाळूच्या प्रवासातील विसाव्याची ठिकाणे ठरतात.

नदीतील दांडे : नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग अधिक असतो व तेथे काठ खचतो. आतील काठाशी वेग कमी असल्याने वाळू साचते व चंद्रकोरीच्या आकाराचा दांडा तयार होतो. पात्र रुंद होते तेथे प्रवाह विभागला जाऊन मध्यभागीही दांडे पडतात. अशा उघड्या वाळूस मराठीत वाळवंट म्हणण्याची प्रथा आहे. पंढरपूर येथे भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. वारकऱ्यांच्या स्नान-कीर्तनाचे तेथील सुप्रसिद्ध वाळवंट हे भूरूपदृष्ट्या नदीतील वाळूचे संचयनच आहे.

करमाळा परिसरात या प्रक्रियेचे स्वरूप १९८० नंतर बदलले. त्या वर्षी माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळ भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ३·३ अब्ज घन मी. (सु. ११७ अब्ज घनफूट) आहे. जलाशयामुळे करमाळा तालुक्याच्या काठावरील भीमेचे जुने पात्र, त्यातील दांडे व अनेक गावे पाण्याखाली गेली. वाहती नदी स्थिर पाण्यात शिरते तेव्हा तिचा वेग एकाएकी घटतो. प्रथम गोटे व जाड वाळू, नंतर बारीक वाळू व अखेरीस चिकणमाती अशा क्रमाने गाळ खाली बसतो. यामुळे जलाशयाच्या वरच्या तोंडाशी वाळूचे दांडे वाढतात आणि भिंतीकडील खोल भागात बारीक गाळाचे थर साचतात. समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या मुखाशी जे घडते, त्याचीच ही लहान प्रतिकृती होय. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे करमाळ्याच्या बाजूस केतूर, वांगी, कंदर या गावांच्या परिसरात गाळाची सपाट मैदाने उघडी पडतात आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

किनाऱ्यावरील संचयन : खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली म्हणजे या हालचालीस तळाचा अडथळा होऊ लागतो. लाटेची गती मंदावते, उंची वाढते आणि ती पाण्याच्या खोलीच्या सु. चार-पंचमांश झाली की लाट फुटते. फुटणारी लाट तळावरील वाळू ढवळून काढते. किनाऱ्यावर चढणारे पाणी ती पुढे ढकलते, तर उतरणारे पाणी मागे ओढते. या दोन ओढींचा जेथे तोल साधतो, तेथे लाट फुटण्याच्या पट्ट्यालगत पाण्याखालचा दांडा तयार होतो. एकदा दांडा तयार झाला, की पुढील लाटा त्याच्यावरच फुटू लागतात व त्याची वाढ होत जाते.

या क्रियेला ऋतुचक्र असते. पावसाळ्यातील उंच व एकामागून एक येणाऱ्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेऊन समुद्रातील दांड्यात जमा करतात. पावसाळा संपल्यावर येणाऱ्या लांब, सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू पुळणीवर परत आणतात. कोकणातील पुळण आषाढात अरुंद, तर माघात रुंद दिसते याचे कारण हेच होय. पावसाळ्यात नाहीशी झालेली वाळू बहुधा नष्ट झालेली नसते. ती काही अंतरावर पाण्याखाली ठेव म्हणून राहिलेली असते.

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. त्यांच्याबरोबर वाळूचा कण तिरपा वर चढतो, परंतु परतताना उताराच्या दिशेने सरळ खाली येतो. अशा नागमोडी वाटचालीने वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. यास किनारासमांतर वहन म्हणतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळातील लाटांमुळे या वहनाचा एकूण कल उत्तरेकडे असून ओडिशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी सु. दहा लाख घन मी. वाळू अशा रीतीने सरकते. एखाद्या ठिकाणी किनारा आत वळला किंवा खाडीचे मुख आले, तरी वाळूचा प्रवाह पूर्वीच्याच दिशेने पुढे जात राहतो व उघड्या पाण्यात वाळूचा दांडा लांबत जातो.

प्रकार : एक टोक जमिनीला जोडलेले व दुसरे पाण्यात मोकळे असलेला दांडा हा सर्वांत परिचित प्रकार होय. लाटा मोकळ्या टोकाशी वळत असल्याने ते पुष्कळदा आकड्यासारखे आत वाकलेले असते. दोन्ही टोके जमिनीला जोडली गेल्यास उपसागराचे तोंड बंद होऊन खारकच्छ तयार होते. बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या दांड्यास टोंबोलो म्हणतात. नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी आडवा पडणारा दांडा नौकानयनास धोकादायक असतो. त्याची जागा दरवर्षी बदलत असल्याने मच्छीमारांना होड्यांची वाट नव्याने शोधावी लागते. दांड्यावर भरतीच्या वर राहील इतकी वाळू साचली, वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या व त्यांवर वनस्पती रुजल्या म्हणजे दांडा स्थिर होऊ लागतो. मर्यादवेलीसारख्या पसरणाऱ्या वेली वाळूला जाळ्यासारख्या बांधून ठेवतात.

रोधक बेटांची उत्पत्ती : या विषयी तीन प्रमुख उपपत्ती आहेत. फ्रेंच भूवैज्ञानिक एली द बोमाँ यांनी १८४५ मध्ये असे मत मांडले, की लाटांनी तळावरील वाळू रचत नेल्याने पाण्याखालचे दांडे उंचावून बेटे बनली. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८८५ मध्ये किनारासमांतर वहनास महत्त्व दिले. त्यांच्या मते लांबलेले दांडे वादळात मध्येच फुटून त्यांचे तुटलेले भाग बेटे म्हणून उरले. मॅगी यांनी १८९० मध्ये निमज्जनाची कल्पना पुढे आणली. समुद्रपातळी वाढली तेव्हा किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांमागील सखल जमीन बुडाली व टेकड्यांची रांग बेटरूपाने राहिली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हॉइट यांनी १९६७ मध्ये या उपपत्तीस नव्या पुराव्यांचा आधार दिला. या तिन्ही रीतींनी बेटे तयार होऊ शकतात व एका किनाऱ्यावर एकाहून अधिक रीतींनी ती घडलेली असतात, असे आता सामान्यतः मानले जाते.

सु. २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात समुद्रपातळी आजच्याहून सु. १२० मी. खाली होती. हिम वितळू लागल्यावर ती झपाट्याने वाढली व सु. ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी वाढीचा वेग मंदावला. त्यानंतरच किनाऱ्यांना स्थैर्य येऊन आजची बहुतेक रोधक बेटे आकारास आली. भूवैज्ञानिक कालमानाने ती अत्यंत तरुण भूरूपे आहेत.

अनुकूल परिस्थिती : रोधक बेटांच्या निर्मितीसाठी भरपूर वाळू, मंद उताराची समुद्रबूड जमीन, पुरेशा शक्तीच्या लाटा आणि मर्यादित भरती-ओहोटी आवश्यक असते. भरती-ओहोटीच्या पातळींतील फरक २ मी.हून कमी असल्यास लांब, अखंड बेटे तयार होतात. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या किनाऱ्यावरील पाद्री बेट हे सु. १८० किमी. लांबीचे असून जगातील सर्वांत लांब रोधक बेट मानले जाते. हा फरक २ ते ४ मी. असल्यास भरतीच्या प्रवाहांनी जागोजागी मार्ग कोरल्याने बेटे आखूड होतात. त्याहून अधिक फरक असलेल्या किनाऱ्यांवर ती सहसा आढळत नाहीत.

भारतातील उदाहरणे : पूर्व किनाऱ्यावर मोठ्या नद्यांनी आणलेली विपुल वाळू व मंद उतार यांमुळे ही भूरूपे चांगली विकसित झाली आहेत. ओडिशातील चिल्का सरोवर सु. ६० किमी. लांबीच्या वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून विलग झाले आहे. किनारासमांतर वहनामुळे त्याचे मुख उत्तरेकडे सरकत व बुजत गेले. सरोवराचे पाणी गोडे होत जाऊन मासळी घटली व पाणवनस्पती माजल्या. सप्टेंबर २००० मध्ये दांडा कापून नवे मुख खोदण्यात आल्यावर खारेपणा व मत्स्योत्पादन पुन्हा वाढले. पुलिकत सरोवर व समुद्र यांच्या दरम्यानचे श्रीहरिकोटा हे रोधक बेट तेथील उपग्रह प्रक्षेपण केंद्रामुळे सर्वपरिचित आहे. गोदावरीच्या मुखाच्या उत्तरेस लांबत गेलेल्या दांड्याने काकिनाडा बंदराला नैसर्गिक आडोसा मिळाला आहे. तमिळनाडूतील धनुष्कोडी हे गाव अशाच अरुंद दांड्यावर वसलेले होते. २२–२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटांनी ते उद्ध्वस्त केले व प्रवाशांसह एक आगगाडी समुद्रात ओढली गेली. त्यानंतर ते गाव पुन्हा पूर्वीसारखे वसले नाही.

कोकण किनारा : कोकणात मोठी रोधक बेटे नाहीत, यामागे तीन कारणे आहेत. तेथील नद्या आखूड असून त्यांनी आणलेल्या गाळात वाळूचे प्रमाण मर्यादित असते. बेसाल्ट व जांभा यांची भूशिरे वाळूची वाटचाल जागोजागी अडवितात. शिवाय भरती-ओहोटीतील फरक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातो व मुंबईस उधाणाच्या वेळी तो ४ मी.हून अधिक होतो. त्यामुळे दोन भूशिरांमधील कोनाड्यांत पुळणी व खाड्यांच्या मुखाशी दांडे एवढीच रचना आढळते. ‘दांडा’ हा शब्द कोकणातील ग्रामनामांतही आढळतो. रोधक बेटाशी बरेच साम्य असलेले महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मुंबईतील जुहू. एकोणिसाव्या शतकात ते साष्टीच्या पश्चिमेस समुद्रसपाटीहून थोड्याच उंचीचे लांब, अरुंद वाळूचे बेट होते व ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येई. पुढे मधली जागा भरली जाऊन ते शहराचा भाग बनले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग हे मालवणच्या दक्षिणेस, एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी अशा वाळूच्या लांब दांड्यावर वसले आहे. नदीला सरळ समुद्रास न मिळता या दांड्याच्या कडेने दक्षिणेकडे जाऊन मुख गाठावे लागते. मुखाशी नदीचा प्रवाह व भरतीचे पाणी एकमेकांस अडवितात तेथे वाळूचा उंचवटा पडतो. पर्यटकांत तो त्सुनामी बेट म्हणून ओळखला जातो व लोकसमजुतीत त्याचा संबंध २००४ च्या त्सुनामीशी जोडला जातो. तथापि खाडीमुखाशी असे उंचवटे पडणे व मोडणे ही नित्याची प्रक्रिया आहे. देवबागसारख्या वस्तीचे पिण्याचे पाणीही वाळूवरच अवलंबून असते. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरून जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरींतून ते प्रमाणाबाहेर उपसल्यास खालचे खारे पाणी वर चढते. रत्नागिरी जिल्ह्यात केळशी येथे भारजा नदीच्या मुखाजवळील वाळूची मोठी टेकडी वाऱ्याने रचली की एखाद्या प्राचीन त्सुनामीने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्थलांतर : रोधक बेट स्थिर भासले, तरी ते सतत सरकत असते. वादळात लाटा बेट ओलांडतात व समुद्राकडील वाळू मागील खारकच्छाच्या बाजूस नेऊन टाकतात. पुढून झिजत व मागे भरत बेट जमिनीकडे सरकते. समुद्रपातळी वाढत असता टिकून राहण्याचा त्याचा हाच मार्ग आहे. त्यावर पक्की घरे व रस्ते बांधून ते एका जागी खिळविण्याचा प्रयत्न केल्यास मात्र हानी अटळ ठरते. ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरात चक्रीवादळाने किमान सहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. नॉर्थ कॅरोलायना राज्यात सरकत्या किनाऱ्यापासून वाचविण्यासाठी केप हॅटरस येथील दीपगृह १९९९ मध्ये सु. ८८० मी. आत हलवावे लागले.

मानवी हस्तक्षेप : किनारा हा वाळूच्या जमाखर्चावर उभा असतो. जमा घटली किंवा वाट अडली, की झीज सुरू होते. चेन्नई येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात गेल्यावर दक्षिणेस वाळू साचून मरीना पुळण रुंदावली, तर उत्तरेस रोयापुरम भागाची धूप झाली. समुद्रभिंतीमुळे तिच्यामागील जमीन वाचते, परंतु परतणाऱ्या लाटांच्या जोराने पुढील पुळण नाहीशी होते व धूप शेजारच्या गावाकडे सरकते. केंद्र शासनाच्या किनारा संशोधन संस्थेने १९९० ते २०१८ या काळातील केलेल्या पाहणीनुसार भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा सु. एक-तृतीयांश भाग झिजत असल्याचे आढळले. किनारा नियमन क्षेत्रविषयक अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षण दिले आहे.

धरणांचा परिणाम अधिक दूरवर पोहोचतो. भीमेवरील उजनी, कृष्णेवरील श्रीशैलम व नागार्जुनसागर यांसारख्या जलाशयांत गाळ अडकत असल्याने कृष्णेच्या मुखाशी पोहोचणाऱ्या गाळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठी घट झाली आणि त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याचे काही भाग मागे हटले. धरणाखालच्या पात्रातही नवी वाळू पुरेशी येत नाही. बांधकामासाठी होणाऱ्या उपशाने दांडे नाहीसे होतात, पात्र खोल जाते, काठावरील विहिरींची पातळी उतरते आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे पडतात. स्नानास उतरणाऱ्यांच्या जिवावर ते बेततात. अवर्षणप्रवण करमाळा, माढा, पंढरपूर या तालुक्यांना उजनीच्या पाण्याने ऊस व केळीची शेती दिली, हे धरणाचे मोल निर्विवाद आहे. मात्र पाण्याबरोबर अडणाऱ्या वाळूचा हिशेब धरणांच्या नियोजनात फारसा मांडला गेला नाही. नदीतील वाळू भरून येण्यास लागणारा काळ उपशाच्या वेगाहून पुष्कळच अधिक असतो. यामुळे उपसा नैसर्गिक भरणीच्या मर्यादेत ठेवणे, दगडाच्या चुऱ्यापासून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर वाढविणे व किनाऱ्यावरील टेकड्यांची वनस्पती राखणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात. करमाळ्याच्या काठावरील दांडा आणि बंगालच्या उपसागरातील रोधक पट्टा ही एकाच वाळूच्या वाटेवरील दोन ठिकाणे आहेत. एकाची हानी काही काळाने दुसऱ्याच्या झिजेत दिसून येते.